विंडोजला मामा आठवेना

"एका डब्यात दोन सिस्टीम चालवणारा अख्ख्या धरणगावात मी एकटा," हितेंद्र आईला सांगत होता. "मराठी टाइप करायचं लिनक्समध्ये, पत्रिका सजवायची विंडोजमध्ये. मधे हा सामाईक डी ड्राइव्ह. इकडून ठेवायचं, तिकडून उचलायचं. चूक व्हायला जागाच नाही."

तेवढ्यात सोनगीरहून लोटनमामांचा फोन आला. हितेंद्रच्या बहिणीच्या, मोनालीच्या लग्नपत्रिकेचा नमुना सकाळीच घरच्या ग्रुपवर पडला होता.

"एकशे चौदा नावं शेतस," मामा म्हणाले. "व्याहीना ड्रायव्हर बी शे. मना नाव कोठे शे?"

लताबाईंनी पोराकडे पाहिलं. लोटन त्यांचा एकुलता भाऊ. अंतरपाट धरला की नवरीच्या मागे उभं राहायचं ते त्यानेच. आणि पत्रिकेत नाव नसताना लग्नाला जाणारा मामा खान्देशात अजून जन्मायचाय.

"दोन मिनिटांत टाकतो, मामा."

"टाक. नही ते मी येवाव नही."

जळगावच्या प्रेसवाल्याला चारपर्यंत फाइल हवी होती. दोन वाजले होते. हितेंद्रने विंडोज बंद केलं, लिनक्स चालू केलं. डी ड्राइव्ह उघडताना लिनक्सने काहीतरी लांबलचक इंग्रजीत बजावलं. ते न वाचता त्याने ड्राइव्ह जबरदस्तीने उघडला, यादीत मामांचं नाव सगळ्यात वर टाकलं, जाता जाता कार्यालयाचा जुना पत्ताही बदलला, सेव्ह केलं. लिनक्स बंद, विंडोज चालू.

मामा नव्हते.

परत लिनक्स. परत मामा. परत विंडोज. मामा गायब, ड्रायव्हर जागेवर.

"घडी घडी बंद-चालू काय करी राहिना?" लताबाई म्हणाल्या. "बल्ब शे का तो?"

"आई, तू गप बस."

"मी गप बसी जासू. लोटन बसावा नही."

फोन वाजला. हितेंद्रने तो उलटा ठेवला. पुन्हा वाजला. त्याने त्यावर उशी ठेवली. उशी थरथरायला लागली.

चौथ्या फेरीला शेजारचा मोबाइल दुरुस्तीवाला नासीर स्टूल ओढून बसला. "अरे यार, तुझं विंडोज बंद होतच नाही. नुसतं झोपतं. झोपताना डी ड्राइव्ह जसा होता तसाच त्याच्या डोक्यात. तू मागून काय ठेवलं, त्याला काय माहीत?"

"मग उठवू कसं?"

"उठवू नको. पूर्ण झोपव. सेटिंगमधलं फास्ट स्टार्टअप काढ."

हितेंद्रने ते काढलं. विंडोज खरोखर बंद झालं. चालू झालं तेव्हा मात्र त्याने डी ड्राइव्ह तपासायला घेतला. अकरा टक्के. बारा टक्के. परत अकरा. साडेतीन झाले. पावणेचार. तपासणी संपली आणि विंडोजने आवराआवर करून नवी फाइल कुठेतरी टाकून दिली. जुनी तेवढी नीट जपली.

"गेलं खड्ड्यात!" हितेंद्रने ती जुनी फाइलच उघडली आणि विंडोजच्या अनोळखी मराठी कीबोर्डवर एकेक अक्षर हुडकत मामांचं नाव ठोकलं. मोठ्या टायपात, लाल रंगात, चौकटीत. तीन अठ्ठावन्नला फाइल प्रेसला गेली.

"दखं," मामा फोनवर म्हणाले. "आते येस."

आठशे पत्रिका वाटल्या गेल्या. प्रत्येकाने आपापलं नाव शोधलं, वाचलं आणि पत्रिका टीव्हीमागे खोचून दिली. त्या जुन्या फायलीत लग्नाचं कार्यालयही जुनंच राहिलं होतं, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. लग्न शिंदखेड्याला ठरून पंधरा दिवस झाले होते. पत्रिकेत धुळे होतं.

लग्नाच्या दिवशी बाकीचे तोंडी निरोपावर शिंदखेड्याला गेले; लोटनमामा पत्रिका वाचून धुळ्याच्या कार्यालयात वेळेच्या आधी पोहोचले. तिथेही लग्न होतं, दुसऱ्या कोणाचं तरी. त्या लोकांनी त्यांना टोपी-टॉवेल दिला. लताबाईंचा फोन लागला तेव्हा ते पंगतीत बसले होते.

शिंदखेड्यात मोनालीच्या मागे फोटोग्राफर उभा राहिला.