चंदनाच्या साखरपुड्याचा जमखाना

मी एक जुना जमखाना आहे आणि मला माणसांची किळस येते. मित्रांनो, ओळख करून देतानाच असे बोलणे बरे नव्हे, हे मला कळते. पण चाळीस वर्षे लोकांच्या बुडाखाली काढल्यावर गोडगोड बोलणे जमत नाही.

माझा जन्म धारवाडजवळच्या नवलगुंदचा. दोन बायकांनी मागावर शेजारी बसून जाड सुताने मला विणले. लाल, पिवळा, काळा असे माझे रंग आणि मधोमध सोंगट्यांच्या पटाची नक्षी. बंगळुरात चामराजपेटेतल्या एका मराठा घराने मला विकत आणले. त्या घराची एक रीत होती. सोयरीक पक्की करताना दोन्हीकडची माणसे माझ्यावरच बसत आणि जिचा साखरपुडा असेल त्या मुलीने दिवसभर मला सांभाळायचे. जमखाना जपते ती घर जपते, असे म्हणत. पाहुणे माझ्यावरून हात फिरवून "काय वीण आहे!" म्हणत आणि जेवण झाले की तीच बोटे मला पुसत. पोरे मुतत. शी! पण नंतर मला रिठ्याने धुऊन उन्हात घालत, म्हणून मी सोसले.

१९९४ साली चंदनाचा साखरपुडा ठरला. मुलगा मंगळूरचा. कार्यक्रम संध्याकाळी सहा वाजता, मुलाच्या घरी. आम्ही रात्रभर मेटॅडोरमधून घाट उतरून सकाळीच पोहोचलो. सोयरीक जमवली होती विश्वासरावांनी. ते चंदनाचे वडील उमाजी यांचे थोरले चुलतभाऊ. उतरल्या उतरल्या ते म्हणाले, "उमाजी, एवढ्या लांब आलोय तर सगळं ऊर, सगळं गाव बघून घेऊ या की!"

"सरी, अण्णा," उमाजी म्हणाले. सरी म्हणजे कानडीत 'बरं'. अण्णांपुढे ते दुसरे काही म्हणतच नसत.

कद्रीच्या देवळात चंदनाने मला पायरीलासुद्धा टेकू दिले नाही. मग नदीकाठचा सुलतान बत्तेरीचा काळा बुरूज पाहिला. शत्रूची जहाजे आत शिरू नयेत म्हणून टिपूने तो बांधला. आमच्या मंडळींनी त्याच्या कोनाड्यांत केळ्यांची साले कोंबली. बंदरावर मासळीच्या टोपल्यांतून पाणी गळत होते. चंदनाने मला डोक्यावर घेतले. तिच्या नव्या चपला त्या चिखलात बरबटल्या, पण मी कोरडा राहिलो. इतके मला त्या घरात कुणी कधी जपले नव्हते.

दुपारी सगळे समुद्रावर गेले. तिथल्या खानावळीत विश्वासराव गळ्यापर्यंत जेवले होते.

"दे गं तो इकडे. स्वल्प आडवा होतो."

"काका, संध्याकाळी लागणार आहे तो."

"अगं, जमखाना काय पूजेला असतो?" असे म्हणून त्यांनी मला ओढून घेतले. चंदना आईबरोबर पाण्याकडे गेली.

विश्वासराव तोंडात तंबाखूचे पान ठेवूनच घोरू लागले. मित्रांनो, पुढचे ऐकाच. त्यांचे तोंड उघडले आणि कोमट, लाल लाळ माझ्या पिवळ्या पट्ट्यावर झिरपू लागली. जागे झाल्यावर त्यांनी ती पाहिली. वर वाळू चोळली, डाग चांगला वीतभर पसरवला आणि तो आत येईल अशी माझी घडी घातली. शेजारी उमाजी जागेच होते. त्यांनी सगळे पाहिले आणि तोंड समुद्राकडे फिरवले.

संध्याकाळी मुलाच्या घरी चंदनाने मला पसरले. नवी साडी, हातभर बांगड्या. घडी उलगडली आणि सगळ्यांच्या नजरा डागावर खिळल्या. मुलाची आजी ठकुबाई पुढे वाकल्या आणि त्यांनी नाकाला पदर लावला.

"हे काय गं, मुली?"

विश्वासराव हसले. "पोरगी स्वल्प अल्लड आहे, अक्का. सकाळपासून तिच्याकडेच होता जमखाना."

बोलताना त्यांचे ओठ अजून लालच होते.

"आजी, मी नाही..." म्हणत चंदनाने वडिलांकडे पाहिले. उमाजींनी माझ्या गोंड्यांकडे पाहिले. खरे बोलावे तर अण्णा रागावणार आणि सोयरीक मोडणार. ते हात जोडून म्हणाले, "चुकलं तिचं. पदरात घ्या."

"असू दे. आमच्याकडे आली की शिकेल," ठकुबाई म्हणाल्या. सगळे हसले. डागावर पाट ठेवला गेला आणि साखर वाटली. चंदनाने मान वर केली नाही.

घरी आल्यावर उमाजींनी मला स्वतः धुण्याच्या दगडावर नेले. जन्मात त्यांनी कधी कपडा भिजवला नव्हता. तिसऱ्या धुण्यात डाग गेला. तरी ते घासत राहिले. माझा लाल रंग पाण्यातून वाहून गेला, सोंगट्यांचा पट विरला. चंदना दारात येऊन म्हणाली, "आप्पा, गेला तो. पुरे." ते ऐकेनात. तेव्हापासून मी माळ्यावर पडून आहे. मला पाहिले की त्यांना जेवण जात नाही, म्हणून मला खाली आणत नाहीत.

मित्रांनो, वस्तू जपा, असे मी आता सांगायला हवे. जपा किंवा जपू नका. हवे तर माझ्यावर बोटे पुसा. मंगळुरात मला तोंड नव्हते. उमाजींना होते. तुम्हालाही आहे.