काँगोची तिकिटं

धर्मापुरीच्या रुद्रप्पाला किराणा दुकानापेक्षा पोस्टाच्या जुन्या तिकिटांचं वेड जास्त. त्यातही बेल्जियन काँगोची तिकिटं म्हणजे जीव की प्राण. प्रत्येकावर एक लाकडी मुखवटा, मिटलेले डोळे, लांब नाक, पुढं आलेलं कपाळ. "गोऱ्यांनी मुलूख गिळला, अन् वर तिथल्या लोकांचेच देव छापून पाकिटाला चिकटवले," तो सांगायचा. ऐकणार कोण? घरात एकटी सून, रुचिका. पोटुशी होती तेव्हा दुपारी तिकिटांचा अल्बम मांडीवर घेऊन बसायची अन् म्हणायची, "अप्पा, ह्यो लई शांत दिसतो."

रुद्रप्पाच्या बायकोला, नीलाबाईला, हे बघवत नसे. तिनं सुनेच्या पलंगासमोर गुटगुटीत बाळाचं कॅलेंडर टांगलं होतं. पोटुशीनं जसं बघावं तसंच लेकरू होतं, असं तिचं ठाम मत. तिचं कशाला, सगळ्या गावाचंच!

आठव्या महिन्यात बाळ मेलेलंच जन्मलं. आधीचंही पोटातच गेलं होतं. मूठमाती देऊन माणसं परतली, अजून कुणी घोटभर पाणी प्यायलं नव्हतं, तोच नीलाबाई कडाडली, "हिच्या कुशीतच खोट हाय. तलवाड्याला माहेरी धाडा. श्रीशैलला दुसरी बघू." नवरा म्हणवणारा श्रीशैल मान खाली घालून उभा.

पोरीचा संसार डोळ्यांदेखत मोडत होता. मुखवट्यांनी काही केलेलं नाही, हे रुद्रप्पाला पक्कं ठाऊक होतं. तरी तो उठला अन् अल्बम घेऊन आला. "खोट तिच्यात न्हाई. ही असली थोबाडं म्याच दाखवली तिला. माझंच चुकलं." असं म्हणून त्यानं अल्बम अंगणातल्या चुलीत सारला. आयुष्यभर जपलेलं सगळं भडाभडा पेटलं.

नीलाबाईनं कडाकडा बोटं मोडली, मुखवट्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तिला."

रुद्रप्पाचा जीव भांड्यात पडला. वळून बघतो तर दारात रुचिका. तिनं सगळं ऐकलं होतं.

"अप्पा, मंग म्याच मारलं की लेकराला."

"न्हाई गं बाई, म्या दाखवली..."

"तुमी एकदाच दाखवली. रोज मागून बघत तर मीच होते."

नीलाबाई तिथंच उभी होती. मुखवट्यांनी काही केलं नाही हे खरं सांगावं, तर पोर उद्याच माहेरी जाणार. रुद्रप्पा गप्प राहिला, आणि रुचिकानं त्या गप्प राहण्यालाच होकार मानलं.