एकटीच आले

इवाओला लकवा मारून चौदा महिने झाले होते. तेवढ्या काळात नवरा-बायको एकदाही बाहेरगावी मुक्कामाला गेले नव्हते. यामे या चहाच्या गावी जायचं इवाओच्याच डोक्यातून निघालं. मे महिना होता, नवा चहा खुडायचे दिवस. फुकुओकाहून आधी रेल्वे, मग बस, एक रात्र राहायचं आणि परतायचं. चिझुरुने आढेवेढे घेतले तेव्हा तो म्हणाला, "पाय माझा फरफटतो. तू कशाला दमतेस?" मग तिला बॅग भरावीच लागली.

इवाओने चाळीस वर्षं लोकांच्या भिंतींना गिलावा केला होता. आता त्याचा उजवा हात थरथरायचा, ओठाचा एक कोपरा खाली ओघळला होता आणि बोलणं जाड झालं होतं. चिझुरुने तीस वर्षं शहरातल्या एका मोठ्या दुकानात किमोनो विकले होते. चारचौघांत नीटनेटकं दिसणं तिच्या अंगात मुरलेलं. बसमध्ये तो मोठ्याने बोलायला लागला की ती खिडकीबाहेर बघायची. बाहेर टेकड्यांवर चहाच्या रांगा, मधूनमधून ऊन लागू नये म्हणून काळ्या जाळ्यांनी झाकलेल्या.

लॉजवर सामान टाकून ती दोघं चहाच्या एका जुन्या दुकानात गेली. दाराशी उंच पायरी होती. इवाओ तिथेच बसून बूट काढायला लागला. नाडी त्याला सुटेना. एरवी चिझुरु वाकून सोडवायची. पण आतून कुणाच्या तरी हसण्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, "तुम्ही या सावकाश. मी जागा बघते."

आत मिझोकामीबाई बसल्या होत्या. डॉक्टरांची बायको, चिझुरुचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. चिझुरुशिवाय दुसऱ्या कुणाकडून त्या किमोनो घ्यायच्या नाहीत. रेशमी कपडे, केस जागच्या जागी.

"अहो चिझुरुबाई, तुम्ही इथे कुठे? एकट्याच आलात?"

"हो," चिझुरु म्हणाली. "एकटीच आले."

तोंडातून शब्द गेला तेव्हाच मागे काठीचा आवाज थांबला. तिने वळून पाहिलं नाही. मिझोकामीबाईंनी शेजारी जागा केली, ती बसली.

दुकानाच्या मालकिणीने इवाओचा हात धरून त्याला पलीकडच्या चटईवर बसवलं. "काका, सोबत कुणी आहे का तुमच्या?"

इवाओने चिझुरुकडे पाहिलं. ती समोरच्या वाटीत बघत होती. झाकणाच्या छोट्या वाटीत चमचाभर पानं आणि ती भिजतील एवढंच कोमट पाणी. झाकण किंचित सरकवून चहा थेंब थेंब ओठांत घ्यायचा.

"नाही," इवाओ म्हणाला. "एकटाच आहे."

त्याच्यापुढेही तशीच वाटी आली, ती त्याने उचलली. झाकण निसटलं, चटईवर आपटून मिझोकामीबाईंच्या गुडघ्यापाशी आलं, त्यामागून हिरवं पाणी. मालकीण फडकं घेऊन धावली. इवाओ डाव्या हातावर भार देऊन वाकला. मालकिणीची माफी मागितली, मिझोकामीबाईंची मागितली, मग चिझुरुपुढेही तेवढाच वाकला.

"तुम्हालाही त्रास झाला, बाई. माफ करा."

परक्या बाईशी बोलावं तसं. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता.

मिझोकामीबाई कानाशी पुटपुटल्या, "घरच्यांना काही वाटतं की नाही? अशा माणसाला एकटं सोडतात."

"हो ना," चिझुरु म्हणाली.

मालकिणीने उरलेली पानं सोया सॉसचा थेंब घालून खायला दिली. चिझुरुने ती वाटीतच राहू दिली. मग मिझोकामीबाईंनी आपल्या गाडीतून लॉजवर सोडते म्हटलं. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. ती उठली. ती इवाओच्या चटईशेजारून जाताना त्याने आपली काठी बाजूला ओढून घेतली, तिच्या पायांत येऊ नये म्हणून.

लॉजसमोर ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत उभी राहिली आणि मग पळत सुटली. दुकानात पोचली तेव्हा धाप लागली होती. पलीकडची चटई रिकामी होती.

"ते काका गेले का? मी त्यांची बायको आहे."

मालकिणीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नदीच्या रस्त्याने गेले," ती म्हणाली. "बायकोसाठी चहा घेतला त्यांनी. तिला कडवट आवडत नाही म्हणाले. मला वाटलं, बायको वारली असेल."

इवाओ चहाच्या मळ्याच्या बांधावर बसला होता. समोर दोन बायका काळी जाळी गुंडाळत होत्या. चिझुरु शेजारी जाऊन बसली. माफी मागायची होती, पण त्याआधी तोच बोलला.

"गेल्या गाडीवाल्या बाई?"

"अहो, मी—"

"मला माझीही लाज वाटते, चिझुरु. रोज सकाळी आरशात बघतो तेव्हा वाटते. पण तू तरी माझ्या बाजूची आहेस, असं धरून चाललो होतो."

ती रडायला लागली. त्याने तिला उगी केलं नाही. जाळी गुंडाळून होईपर्यंत तो त्या बायकांकडे बघत राहिला. मग काठी टेकून उठायला लागला. तिने हात पुढे केला, तो त्याने घेतला, कारण घेतल्याशिवाय उठता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, आपण दोघं त्या दुकानात जाऊ, मी सगळ्यांदेखत सांगते. इवाओने नकारार्थी मान हलवली.

"तुला हलकं वाटेल. मला मात्र पुन्हा तिथे जाऊन बसावं लागेल."

हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. माफी मागतानाही ती स्वतःचंच बघत होती. तिने बॅग भरायला घेतली. दहाच्या बसने दोघं निघाली.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी तिने मिझोकामीबाईंना पत्र लिहायला घेतलं. ज्यांच्या हातून चहा सांडला ते माझे आजारी यजमान, मी तुमच्याशी खोटं बोलले, असं लिहिलं आणि कागद इवाओपुढे ठेवला. त्याने बराच वेळ लावून वाचला.

"'आजारी' कशाला?" तो म्हणाला. "नुसतं यजमान लिही."

 तिने दुसरा कागद घेतला आणि पत्र पहिल्यापासून लिहिलं. पेटीत टाकून आली. मिझोकामीबाईंचं उत्तर आलं नाही, आणि येईल अशी तिने वाटही पाहिली नाही. इवाओ त्या दिवसाबद्दल पुन्हा कधी बोलला नाही. बाजारात कुणी ओळखीचं भेटलं की मात्र तो तिच्यापासून दोन पावलं मागे राहतो. मग तिला थांबावं लागतं, मागे जाऊन त्याच्या कोपराला धरावं लागतं, आणि दर वेळी दुकानातल्या आपल्या त्या उत्तराची तेवढीच लाज वाटते.