पाव इंच तार

मेकॅनिकचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. जुने रेकॉर्ड प्लेअर आणि स्पीकर चाळीस वर्षं उघडून बसलेल्या माणसाला ठाऊक असतं, आवाज आला की त्याला कारण असतं. पण गाण्याच्या बाईंचा स्पीकर दुकानात आल्यापासून तो दर थोड्या वेळानं मागं वळून बायकोच्या खुर्चीकडे पाहत होता. खुर्ची रिकामीच असायची. त्याचं त्याला बरं वाटायला हवं होतं, पण वाईटच वाटायचं.

रेकॉर्डवर खालचे सूर लागले की स्पीकरमधून खर्रर्र आवाज यायचा, घसा बसलेलं माणूस काही सांगू पाहतंय तसा. अकरा वर्षांपूर्वी हाच स्पीकर, हाच आवाज. आणि त्या आवाजावरून तो बायकोला बोलला होता.

दुकान दोघांचं होतं. वायरिंग आणि सोल्डरिंग त्याचं, डिंकाचं काम तिचं. स्पीकरच्या शंकूसारख्या कागदी कोनाला नव्या फोमची कड चिकटवायची तर हात हलका हवा, आणि ह्याचा हात म्हणजे हातोडा. कड वाळली, ह्यानं तारा जोडल्या, की ती चार बोटांनी कोन हळूच आत दाबायची आणि कान लावून ऐकायची. काही राहिलं असेल तर तोंडानं सांगायची सोय नव्हती, स्वारी लगेच तापायची. म्हणून तिनं एक रीत पाडली होती. मागच्या चुंबकावर कागदाची पट्टी लावायची, राहिलेलं काम पेन्सिलीनं लिहायचं. काम झालं की त्यानं खाली बरोबरची खूण करायची, मगच स्पीकरची पेटी बंद.

बाई म्हणजे निवृत्त संगीतशिक्षिका. त्यांच्या दोन स्पीकरांपैकी दुरुस्त होऊन गेलेला एक त्या दोनच दिवसांत परत घेऊन आल्या होत्या. ह्यानं स्क्रूला हातही न लावता निकाल देऊन टाकला होता.

"हिचा हात आता चालत नाही, बाई. वय झालं."

बायको एवढंच म्हणाली होती, "अहो, मागं बघितलंत का?"

"मागं काय बघायचंय? पुढचंच घासतंय!"

बाई ओशाळल्या आणि स्पीकर तसाच घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवसापासून बायको त्या खुर्चीत बसली नाही. ह्यानं ये म्हटलं नाही, तिनं येते म्हटलं नाही. सात महिन्यांनी ती घरातूनही गेली, चौघांच्या खांद्यावरून.

आता बाई लेकीकडे राहायला चालल्या होत्या, म्हणून जाण्याआधी स्पीकर आणून दिला होता. तीन दिवस मेकॅनिकनं सगळ्यांवर संशय घेऊन पाहिला. दुकानातल्या प्लेअरची सुई बदलली, मोटरचा पट्टा बदलला, शेवटी प्लेअरच दुसरा लावला. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात त्याचा हातखंडाच होता. खर्रर्र काही जाईना. स्पीकर उघडायला त्याचं मन धजत नव्हतं. चूक तिची निघाली तर तिचं शेवटचं काम स्वतःच्या हातानं उखडावं लागणार होतं. आणि तिची नाही निघाली तर? तो विचार तो अर्ध्यावरच सोडून द्यायचा.

चौथ्या दिवशी दुपारी त्यानं दार लोटून घेतलं आणि स्क्रू काढले. फोमची कड बघत राहावी अशी होती. कुठे सुरकुती नाही, डिंकाचा ओघळ नाही. त्यानं चार बोटांनी कोन दाबला. काठाला काहीच घासलं नाही. घासत होती ती कोनाला जोडलेली तार. ती लांब राहिली होती, कोन हलला की त्याच्यावर आपटत होती. ते सोल्डर त्याचं होतं.

त्यानं स्पीकर उलटा केला. चुंबकावर पट्टी होती, तिच्या बारीक अक्षरात: "तार लांब राहिलीय. पाव इंच कापा, मग बंद करा."

खाली खूण नव्हती. घाईत त्यानं पट्टी न वाचताच पेटी बंद केली होती.

मेकॅनिक खुर्चीकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "अगं, मग ओरडून सांगायचंस ना!" दुकानात आपलाच आवाज ऐकून त्याला रडू आलं. मग त्यानं तार कापली, पुन्हा जोडली आणि पट्टीवर खूण केली. खूण वाकडीच आली. रेकॉर्ड लावली. खालचे सूर स्वच्छ आले. त्या स्वच्छ सुरांत त्याला बसवेना.

संध्याकाळी तो स्वतः स्पीकर घेऊन बाईंकडे गेला. त्या दिवशीचं बोलणं ऐकणारं त्यांच्याशिवाय आता कुणीच उरलं नव्हतं.

"चूक माझी होती, बाई. तिचा हात बरोबर होता."

"त्यांना माहीत होतं ते," बाई म्हणाल्या. "मला सोडायला दारापर्यंत आल्या होत्या. म्हणाल्या, दुसऱ्या कुणाला दाखवू नका. राग उतरला की ते स्वतःच मागायला येतील."

मेकॅनिकनं हातातला स्पीकर जोडीतल्या दुसऱ्याशेजारी ठेवला.

"म्हणून मी थांबले," बाई म्हणाल्या. "अकरा वर्षं एकाच स्पीकरवर ऐकलं."