निळ्या एप्रनची राख

आग विझली की लोक मला एकच प्रश्न विचारतात, "कोणी लावली?" मला या प्रश्नाची चीड आहे. कशाने लागली, कुठून उठली, कुठे रेंगाळली, हे विचारायला कुणाला सवड नसते. सगळ्यांना एक माणूस हवा असतो, आणि तोही लगेच. वनखात्यात एकोणीस वर्षं मी जळालेल्या जंगलात आगीचा उगम शोधते आहे. ऑफिसात माझ्यामागे मला 'राखवाली' म्हणतात. म्हणोत बापडे.

या वेळी मात्र कुणी विचारण्याआधीच उत्तर चालत ऑफिसात आलं. टेकडीवरची आग मंगळवारी दुपारी भडकली, बुधवारी विझली आणि गुरुवारी दहाच्या ठोक्याला माझा सख्खा मामा साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिला. मामा मधमाश्या पाळतो. टेकडीच्या उतारावर, खात्याच्या परवान्याने, त्याच्या चाळीस पेट्या होत्या. सहा जळाल्या. त्याच्या हातात स्वतः लिहिलेला कागद होता.

"आग माझ्या हातून लागली असणार," तो म्हणाला. "तसं लिहून आणलंय."

पेटी उघडली की माश्या शांत राहाव्यात म्हणून तो नळीच्या डब्यात चिंध्या पेटवून धूर करतो. काम झालं की निखारे एका ठरलेल्या खड्ड्यात ओतायचे आणि वर बाटलीभर पाणी, हा त्याचा चाळीस वर्षांचा शिरस्ता.

"मंगळवारी निखारे ओतले, एवढं आठवतं," मामा म्हणाला. "गोणपाट संपलं होतं म्हणून मामीचा जुना निळा एप्रन फाडून पेटवला, तेही आठवतं. पण पाणी ओतलं का, ते काही केल्या आठवत नाही." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "एप्रनचं मामीला सांगू नकोस."

साहेबांचा चेहरा खुलला. "चला, कोडं सुटलं. उद्या संध्याकाळी परवाना समिती बसतेय. त्याआधी अहवाल द्या, मॅडम."

"माझे मामा आहेत ते, साहेब. ही केस मला देऊ नका."

"दुसरा तपासनीस रजेवर आहे. आणि त्यांनी कबूलच केलंय, तुम्हाला पक्षपात करायला शिल्लक काय राहिलं?"

मी मामाला बाहेर पायऱ्यांपर्यंत सोडायला गेले. तो कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होता. "परवाना जाईल त्याचं मला एवढं नाही गं," तो म्हणाला. "परवाना राहिला तरी पेट्या मी देऊन टाकणार आहे. रोजच्या हाताची गोष्ट आठवत नसेल, तर माणसाने विस्तवाला हात लावू नये."

मी सात वर्षांची असताना याच माणसाने मला पेटीसमोर पालथं झोपवून माशीच्या पायांना लागलेले पराग दाखवले होते. रंग बघ, म्हणजे ती कुठे जाऊन आली ते कळतं, तिला विचारावं लागत नाही. माझी सगळी नोकरी त्या एका दुपारवर चालली आहे. आणि तोच आता स्वतःला विचारून हैराण झाला होता.

"उद्या सकाळी टेकडीवर ये," मी म्हटलं. "आणि तोवर काही आठवायचा प्रयत्न करू नकोस. मी आधी जमिनीला विचारते, मग माणसांना."

शुक्रवारी सातला आम्ही खड्ड्यापाशी होतो. आग संथ चालीने येते तेव्हा गवताची काडी बुंध्याशी, आगीच्या बाजूने, आधी खाल्ली जाते आणि मग त्याच बाजूला कोसळते. म्हणजे पडलेल्या काड्या आग जिकडून आली तिकडे बोट दाखवतात. दगडांचंही तसंच, त्यांचा आगीकडचा गाल काळा होतो. मी गुडघे टेकून काडी न् काडी बघत गेले आणि जागोजाग लहान निशाणं रोवली. मामा पाठीवर हात बांधून मागे.

"सगळ्या वरच्या बाजूला पडल्यात," अर्ध्या तासाने तोच म्हणाला.

"दगड बघ."

त्याने वाकून बघितलं. दगडही वरच्या अंगालाच काळे होते. आग खड्ड्यातून निघून वर गेली नव्हती, वरून उतरत खड्ड्याकडे आली होती.

"तू माझी भाची म्हणून तुला असं दिसत नाही ना?"

मी नुसती सुरी काढली आणि खड्ड्यातल्या राखेच्या कडेला घातली. राख भुरभुरली नाही. वर पापडासारखी कडक साय धरली होती, तिचा तुकडाच निघाला. कोरडी राख अशी आळत नाही, तिच्यावर पाणी पडावं लागतं. महिनाभर पाऊस नव्हता आणि बंबाचा पाइप इतक्या आत पोचलाच नव्हता. तुकडा उलटा केला तर त्यात एक अर्धवट जळलेली चिंधी रुतलेली होती, निळी.

मामाने तो तुकडा तळहातावर घेतला आणि बराच वेळ बघत राहिला. "ओतलं होतं की," तो शेवटी म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्याने लपवलं नाही. "हाताने आपलं काम केलं होतं. मीच त्याच्यावर संशय घेतला."

माझं काम इथे संपलं असतं तरी चाललं असतं. पण दोघांनाही उगम बघितल्याशिवाय चैन पडेना. निशाणं रोवत वर गेलो, तर माथ्यावर एक उंच झाड उभं होतं. शेंड्यापासून मुळापर्यंत साल एका लांब पट्ट्यात उलून निघाली होती आणि बुंध्याशी बीळ पडलं होतं. बिळात काठी खुपसली, ती कोमट होऊन बाहेर आली.

"मागच्याच्या मागच्या रविवारी कोरडी वीज कडाडली होती," मामा म्हणाला. "थेंब पडला नाही, पण माश्या तिन्हीसांजेआधीच पेट्यांत शिरल्या होत्या."

म्हणजे विजेने लावलेला विस्तव नऊ दिवस मुळात पडून राहिला आणि मंगळवारी वारा सुटल्यावर बाहेर आला. मला इतका आनंद झाला की मी शीळ घातली. अहवालाच्या कागदावर 'कारण' या शब्दापुढे दोनच चौकोन असतात, मानवी आणि नैसर्गिक. दुसऱ्यात खूण केली की मामा सुटला.

पण मामाचं डोकं एकदा चालू लागलं की थांबत नाही. "मला एक सांग," तो पलीकडच्या उताराकडे बघत म्हणाला. "माझ्या बाजूला ती रांगत आली, सहा पेट्या खाऊन थांबली. तिकडे थेट रस्त्यापर्यंत कशी गेली? मध्ये तुमचा साफ केलेला पट्टा आहे ना?"

आहे. आग अडावी म्हणून दरवर्षी उन्हाळ्याआधी बारा पावलं रुंदीची जमीन गवत काढून उघडी करतात. आम्ही उतरलो. रस्त्याकडून पहिली पन्नास पावलं पट्टा लख्ख होता. वळणापलीकडे मात्र दोन्ही कडांना कंबरेएवढ्या गवताची जळकी खुंटं, आणि मधोमधही तीच. वळणापुढे कुणी गवताला हातच लावला नव्हता.

मामा माझ्याकडे बघत होता आणि मी जमिनीकडे. पट्ट्याची तपासणी या वर्षी माझ्याकडे होती. तपासणीच्या दिवशी चार पट्टे बघायचे होते, ऊन रणरणत होतं, गुडघा दुखत होता. मी गाडीची काच खाली केली, पन्नास पावलं बघितली आणि रजिस्टरमध्ये 'पट्टा स्वच्छ' लिहून सही ठोकली. जळालेली जमीन मी गुडघ्यांवर रांगत बघते, न जळालेली बघितली ती गाडीतून.

"वळणापलीकडचं मी बघितलंच नव्हतं," मी म्हटलं.



साडेतीनला साहेबांनी अहवाल वाचला आणि चष्मा काढला. "वीज पडली, नैसर्गिक, इथवर उत्तम. मामा सुटले. हे खालचं पान कशाला? विचारलंय कोणी?"

"आग पसरली का, ते आहे त्यात."

"इथे तपासणी अधिकारी म्हणून तुमचंच नाव आहे, मॅडम. चौकशी लागेल. फाडा ते पान, मी बघितलं नाही असं समजतो."

काचेतून बाहेरच्या बाकावर बसलेला मामा दिसत होता. त्याला आठवत नव्हतं, तरी तो कागद लिहून चालत आला होता. मला तर सगळं आठवत होतं. मला मनातून भीती वाटत होती, आणि तरी ते पान मी टाचणीने पहिल्याला जोडलं.

"साहेब, तुम्ही दरवेळी विचारता ना, कोणी लावली? लावली विजेने. रस्त्यापर्यंत जाऊ दिली मी."

बाहेर येऊन मी मामाला त्याचा कागद परत दिला. त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुझा?"

"माझा आत ठेवलाय."

त्याने मान हलवली आणि पायऱ्या उतरताना पहिल्यांदाच कठड्याऐवजी माझा हात धरला.

माझी चौकशी अजून चालू आहे. परवा रविवारी मामाने मला पेट्यांपाशी बोलावलं, डब्यात चिंध्या भरल्या आणि वर तो कबुलीचा कागद चुरगळून पेटवला. काम झाल्यावर निखारे खड्ड्यात ओतले, बाटली उपडी केली आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत तशीच धरून ठेवली.

"ओतलं," तो म्हणाला. "बघितलंस ना, जवळून?"

"बघितलं," मी म्हटलं, आणि खाली वाकून राखेत हात घातला.