कडूबाईच्या नागनाथचं पान

मित्रांनो, मी एक जुना नवा करार आहे, बायबलचा येशूनंतरचा भाग. हसू नका. नाव नवा असलं तरी वय साठीच्या पुढे गेलंय. छापखान्यातून निघालो तेव्हा माझ्या कडा लाल होत्या, आता त्या काळ्या आहेत. मानवतजवळच्या एका दलित वस्तीत, कडूबाईच्या झोपडीत माझी हयात गेली. तिला अक्षर येत नव्हतं. तिचा मुलगा नागनाथ मला मोठ्याने वाचून दाखवायचा.

एकदा तो अडला. माझ्यात येशूची वंशावळ दोघांनी लिहिली आहे; येशूचा बाप योसेफ, त्या योसेफाचा बाप मत्तय सांगतो याकोब, लूक सांगतो एली.

"माय, यातलं एक खोटं हाय."

मी शरमलो. कडूबाई भाकरी थापता थापता हसली. "खोटं कशाला? योसेफाच्या मायनं पाट लावला असंल. तुला न्हाईत का दोन बाप?"

खरंच होतं. नागनाथ भुजंगचा. भुजंग वारल्यावर कडूबाईने धाकटा दीर किशन याच्याशी पाट लावला, आणि किशननेच पोराला वाढवलं. शाळेत नाव भुजंगचं लागलं, मतदार यादीत किशनचं. वस्तीत त्याचं कुणालाच नवल नव्हतं.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावाने आमची वस्ती पेटवली. सगळे ओढ्याकडे पळाले. नागनाथ मला काढायला परत आत शिरला. मी वाचलो. तो भाजला आणि चौथ्या दिवशी दवाखान्यात वारला. हे मला अजून सोसत नाही.

मयतांची यादी करायला साहेब आले. दवाखान्याच्या कागदावर नागनाथ भुजंग, गावच्या मतदार यादीत नागनाथ किशन.

"या नावाचा माणूस गावात नाही आणि त्या नावाचा मेलेला नाही. एका पोराला दोन बाप? कुणाला फसवता, बाई?"

कडूबाईने मला पुढे धरलं. "साहेब, ह्यात योसेफाला बी दोन बाप लिवलेत. त्याला कुनी लबाड म्हनलं न्हाई."

साहेबांनी मला हातही लावला नाही. नागनाथविनाच यादी पुरी झाली.

घरातलं जन्ममरण लिहायला माझ्यात शेवटी एक कोरं पान होतं. कडूबाईने मास्तरांकडून त्यावर लिहून घेतलं, 'नागनाथ. बाप भुजंग, बाप किशन, माय कडूबाई. वस्तीच्या आगीत भाजून मेला.' चौऱ्याण्णवला नामांतर झालं, तेव्हा ती नव्हती.

मित्रांनो, मला आता वाळवी लागली आहे. बाकीची पानं गेली तरी चालतील, तसली पुस्तकं पुष्कळ आहेत. ते शेवटचं पान मात्र जपा. नागनाथ वस्तीच्या आगीत मेला हे दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही.