ओली चादर

यात्रेच्या पहिल्या दोन दिवसांत मला परमेश्वराचे जितके स्मरण झाले, त्याहून अधिक साबणाचे झाले, हे प्रारंभीच नमूद करणे उचित होय.

एक विमान, मग दुसरे विमान, मग नऊ तासांची बस. बसमध्ये चाळीस यात्रेकरूंनी सुजलेल्या पायांतले बूट जणू संकेत ठरल्याप्रमाणे एकाच वेळी काढले, आणि त्याच कोंडलेल्या हवेत फादरांनी जपमाळेचा आरंभ केला. प्रत्येक ‘नमो मरिये’ मी नाकाशी रुमाल धरूनच म्हटले.

यात्रीनिवासातील खोली दोघांची होती. आमच्याच धर्मग्रामातले, म्हणजे आमच्याच चर्चचे, बेकरीवाले सहनिवासी म्हणून वाट्याला आले. देह विशाल, मन त्याहून विशाल, पायांना मात्र फुटलेले फोड. मी तोंड धुऊन परतलो तो माझ्या स्टीलच्या पेल्यात त्यांची कवळी विसावलेली.

“खोलीत दुसरा पेला नव्हता हो, मास्तर,” ते बोळक्या तोंडाने म्हणाले. “तुमचा धुवून घेतला.”

“कशाने?”

“पाण्याने! आणखी कशाने धुतात?” मग माझा चेहरा पाहून हसले. “तुम्ही स्वर्गातसुद्धा स्वतःचा पेला घेऊनच जाल.”

पेला मी त्यांनाच देऊन टाकला.

वास्तविक या यात्रेला यायची होती माझी पत्नी. तीन वर्षांपूर्वी माझ्या फुप्फुसांत पाणी झाले आणि डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा रुग्णालयाच्या जिन्यात बसून ती नवस बोलली: हे उठून बसले तर तीर्थाच्या कुंडात गळ्यापर्यंत उतरेन. मी उठून बसलो. यंदा तिकिटे काढली, आणि निघण्याच्या पंधरवडा आधी ती न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले. फादर म्हणाले, पतिपत्नी एकच देह, तुम्ही उतरा. तिने माझा हात धरून एवढेच म्हटले, “अहो, नुसते पाय बुडवून येऊ नका. मी गळ्यापर्यंत बोललेय.”

दुसऱ्या दिवशी कुंडाच्या रांगेत दोन तास उभा राहिलो, आणि पडद्याच्या फटीतून तिथली रीत दिसली. कपडे उतरवायचे, सेवेकरी एक ओली चादर अंगाभोवती गुंडाळतात, दोघे दंड धरून पाण्यात बसवतात. बाहेर येणाऱ्याच्या अंगावरची चादर पिळतात आणि तीच पुढच्याला गुंडाळतात. अंग पुसायचे नाही. ओल्या अंगावरच कपडे चढवायचे. माझ्या पुढे बेकरीवाले होते. त्यांच्या पाठीवरून, काखांवरून, त्या फोडांवरून सुटलेली चादर घेऊन सेवेकरी माझ्याकडे वळला आणि प्रेमाने हसला.

मी पळालो. वयाची पासष्टी उलटल्यानंतर प्रथमच, अक्षरशः पळालो.

खोलीवर येऊन नळाखाली डोके भिजवले आणि तशाच ओल्या केसांनी घरी व्हिडिओ कॉल लावला. पत्नी खाटेवर होती. फोन धाकट्या मेहुणीने धरला होता.

“उतरलात?”

“उतरलो.”

“गळ्यापर्यंत?”

“गळ्यापर्यंत.”

“पाणी कसं होतं?”

“निर्मळ. अमृततुल्य.”

तिने माझ्या ओल्या केसांकडे पाहिले. “बरं,” म्हणाली. “जेवून घ्या.”

सेहेचाळीस वर्षांच्या संसारात तिच्या अशा ‘बरं’मधून बरे कधीच निघाले नाही. बेकरीवाल्यांच्या कवळीसमोर बसून मी विचार करीत राहिलो. जो मनुष्य लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेला तेव्हा त्यांच्या माठातले पाणीही रुमालातून गाळून प्यायला, त्याने शेकडो देहांनी घुसळलेल्या पाण्याला अमृत म्हणावे, आणि तिने ते मानावे? माझ्या प्राणांसाठी बोललेला नवस मी नळाखाली फेडू पाहिला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रांगेत उभा राहिलो. बेकरीवाले लंगडत सोबत आले.

“मास्तर, डोळे मिटून घ्या, संपलं.”

“डोळ्यांचा त्रास नाही हो. अंगाचं काय?”

चादर लागली. गार, बुळबुळीत, आणि दुसऱ्याच्या देहाची किंचित ऊब अजून धरून असलेली. खांद्याजवळ एक लांब पांढरा केस चिकटला होता. पाण्यावर कुणाच्या तरी जखमेवरची चिकटपट्टी तरंगत होती, आणि मी पायरी उतरताच ती माझ्याच दिशेने निघाली. सेवेकऱ्याने कुणासाठी उतरता म्हणून विचारले. मी पत्नीचे नाव घेतले. त्यांनी मला गळ्यापर्यंत बसवले. पाणी हनुवटीला आणि मग ओठांना लागले.

प्रकाश दिसला नाही, शांती लाभली नाही. मळमळले तेवढे मात्र खरे. ओल्या अंगावर सदरा चढवताना तो पाठीला गोचिडीसारखा चिकटला.

खोलीवर येताच पुन्हा कॉल लावला.

“आज परत उतरलो,” मी म्हणालो. “काल नव्हतो उतरलो.”

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “पाणी कसं होतं?”

“घाण! गार आणि घाण. वर चिकटपट्टी तरंगत होती. चादरीला कुणाचा तरी केस होता. आणि ते पाणी माझ्या तोंडात गेलं.”

“शी! भाऊजी, तीर्थाला असं बोलतात का?” मेहुणी ओरडली.

फोन हलला. क्षणभर छत दिसले, मग पत्नीचा चेहरा. तिने तोंडावर पदर धरला होता आणि खांदे गदगदत होते. डोळे पाण्याने भरले होते आणि ती हसत होती.

“फिटला गं नवस,” ती बहिणीला म्हणाली. “आता खरंच उतरलेत.” मग मला म्हणाली, “अहो, थरथरताय किती. जा, आधी साबणाने अंघोळ करा.”

माझी वडी दोन दिवसांत घासून संपली होती. न्हाणीत बेकरीवाल्यांची होती, मऊ पडलेली, तिला दोन केस चिकटलेले. ते मी नखाने काढले, एकदा थुंकलो, आणि नळ सोडला.